चौदा नंबरचा करडा

नवाकोरा टीव्ही, म्हणाल्या फोनवर,
पंचावन्न इंची, खोकं अजून दारातच पडलंय,
आणि चित्र असं, की कुणी तेलकट हाताने पुसलंय.

वूच शहर, जानेवारी. लिफ्ट बंद.
चौथ्या मजल्यावर पोचलो तेव्हा खांद्यावरची पिशवी
माझ्याहून जास्त दमलेली.
दारावर पितळी पाटी: बोगुमिला व्झोस.
त्यांनी आधी माझे बूट पाहिले, मग मला.

पडद्यावर स्कीच्या उड्या चालल्या होत्या.
माणूस हवेत, अंगाभोवती पांढरी झालर,
खाली निळा बर्फ.
"हा बर्फ नाही," त्या म्हणाल्या,
"ही नीळ जास्त झालेली चादर आहे."

मी माझ्या रोजच्या क्रमाने गेलो.
मागची केबल काढली, फुंकर मारली, परत बसवली.
अँटेनाच्या टोकावर हिरवट गंज, तो चाकूने खरवडला.
सिग्नल साठावरून एक्क्याऐंशी.
मेनूत शिरलो. चित्राचा प्रकार: झगमगीत.
दुकानात चाळीस टीव्ही एकाच भिंतीवरून ओरडत असतात,
त्यांतून गिऱ्हाइकाला हाक मारायचा हा आवाज,
घरी आणताना कुणी खाली केलाच नव्हता.
धार शंभरावर. शून्याजवळ आणली,
उडणाऱ्या माणसाची झालर गळून पडली.
आणि ते एक असतं, हालचाल मऊ करणारं,
दोन चित्रांच्या मधे मनाचं तिसरं घुसडणारं,
तेही बंद केलं.
बातम्यांमधला मेणाचा माणूस पुन्हा कातडीचा झाला.

"आता?"
"बरंय. पण करडा चुकलाय."

झालं, म्हटलं मनात, आता तासभर बसणं आलं.

त्या उठल्या. कपाटातून बुटांचं खोकं काढलं.
आत लोकरीच्या लडी, प्रत्येकीला पुठ्ठ्याचा बिल्ला,
पेन्सिलीने आकडा.
एकतीस वर्षं रंगशाळेत. त्या गिरणीत आता बोलिंग खेळतात.
"लाल काय, कुणालाही कळतो.
माणूस फसतो तो करड्यात.
त्यात हिरवा लपून बसतो, जांभळा लपतो,
आणि कोट शिवून झाल्यावर बाहेर येतो."
चौदा नंबरची लड त्यांनी पडद्याला लावली,
टेकडीमागच्या ढगाळ आभाळाशेजारी.
"बाजूला व्हा. उत्तरेचा उजेड अडवताय."

निळा सात घरं खाली.
लाल दोन. नाही, एक परत वर.
"थांबा."
थांबलो.
लड कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होतं
ते मला दिसेनासं झालं.

माझ्या गाडीत मोजायचं यंत्र आहे, दोन पगारांचं.
राहवेना. चार मजले उतरलो, चार चढलो,
काचेला चिकटवलं. यंत्र म्हणालं, ठीक.
बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं,
जसं पहिल्या दिवशीच्या उमेदवाराकडे पाहतात.

तरी सातवर धूसर होतंच.
मग माझी ट्यूब पेटली. हे तर पहिल्यांदा बघायचं असतं.
तोच कार्यक्रम दोनदा येतो,
सातवर विरळ विणीचा, एकशे सातवर दाट,
आणि विरळ कापड एवढ्या रुंद चौकटीवर ताणलं
की भोकं दिसणारच.
"एकशे सात लावत जा," मी म्हणालो.
"चाळीस वर्षं तो सात आहे," त्या म्हणाल्या.

वाद घातला नाही. यादीत जाऊन
एकशे सात उचलला, सातच्या जागी ठेवला.
"सात सातच राहिला. सूत तेवढं बदललं."
तेव्हा कुठे त्या हसल्या,
पैसे मोजून दिले, वर काकडीच्या लोणच्याची एक बाटली,
आणि टीव्हीच्या कडेची निळी पातळ पट्टी मी सोलायला लागलो
तर हातावर चापट: "राहू दे ती. नवीन आहे."

खाली गाडीच्या काचेवर बर्फ साचला होता.
वायपर लावणार होतो, हात थांबला.
निळा नव्हता. पांढरा म्हणावा तर तोही नाही.
कुठल्या तरी नंबराचा होता.