लांबी, जाडी

साडेसतरा सेंटिमीटर.
फळ्यावर लिहिलं मी, खाली दोन रेघा मारल्या.
गावडोंगरीची शाळा, तिसरी-चौथी एकत्र,
पटावर अकरा, हजर नऊ;
काजू पडायला लागले की दोघं हमखास रानात.

पट्टीचं शून्य झिजून गेलेलं.
म्हणून एकापासून धरायचं, शेवटी एक वजा करायचा,
हे माझ्याआधीच्या मास्तरांनी शिकवलेलं
इतकं पक्कं
की नवी पट्टी आली तरी पोरं
एक वजा करत राहिली.

बाजू किती?
डोळे मिटून, फिरवत फिरवत
बोटांनीच मोजल्या त्यांनी. सहा.
गोल असती तर उतरत्या बाकावरून घरंगळली असती,
असं सांगणार होते मी,
तोवर मागून पुतू वेळीप:
‘बाई, म्होंवाच्या पोळ्याक लेगीत सच.’

जाडीवरून मात्र भांडण पेटलं.
सुकांती म्हणे सात मिलीमीटर,
शाबलो म्हणे आठ, देवाशपथ आठ.
मी पट्टी हातात घेतली.
सपाटीपासून सपाटीपर्यंत सात,
कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत आठ.
पुस्तकात हे नव्हतं.
मी म्हटलं, दोघंही बरोबर, खाली बसा,
आणि खडू उगाचच दुसऱ्या हातात घेतला.

पुतूची पेन्सिल
बोटाच्या दोन पेरांएवढी.
मागे चिवारीची नळी खोचलेली,
बापाने कोयत्याने तासून दिलेली,
मुठीत मावावी म्हणून.
‘खंयसावन मेजूं? चिवारीसयत?’
फक्त पेन्सिल, म्हटलं.
त्याने लिहिलं ४.२
आणि त्याखाली, न विचारता,
चिवारीसयत १३.

मग मी कपाट उघडलं.
किल्ली माझ्या पर्समध्ये असायची.
खोक्यातली एक काढून उंच धरली:
ही बघा. ही साडेसतरा.
नऊ हातांतून फिरली ती.
कुणी मोजली नाही. सगळ्यांनी नाकाला लावली.
पुतूने टोकाकडचा भाग अंगठ्याने चाचपला,
तिथे टोक नव्हतंच,
सपाट लाकूड, मधोमध काळा ठिपका,
दोन मिलीमीटर असेल.
‘हिणें अजून कांयच बरोवंक ना,’ म्हणाला,
जरा कीव आल्यासारखा,
आणि पेन्सिल परत दिली.

मी ती खोक्यात ठेवली.
साठा होता तो. इन्स्पेक्टर येऊन मोजायचे.
एक जरी कमी भरली तर
कारण लिहावं लागायचं नोंदवहीत,
आणि कारणाचा रकाना
फार अरुंद होता.

जूनमध्ये बदली झाली, केप्याला.
नव्या मास्तरांना चार्ज देताना
व्हरांड्यात खुर्ची टाकून
एकेक वस्तू वाचत गेले:
घंटा एक. नकाशे तीन, एक फाटका.
पट्ट्या दोन.
पेन्सिली, नग चोवीस.

त्यांनी मोजल्या. मीही मोजल्या.
चोवीस भरल्या.