दोन बोटं

कुताइसीच्या वाचनालयाचं तळघर.
वरच्या झरोक्यातून रस्त्याची फक्त पावलं दिसतात,
आणि भिंतीपलीकडे रिओनी नदी
दिवसभर दगड घासत बसलेली.
त्सिउरी सरसाचं भांडं मंद आचेवर ठेवते,
दाभण केसांत खोचते,
म्हणते, 'आण ते अडतीस सालचं.'

चहाच्या मळ्यावरची कादंबरी. तीनशे बारा पानं.
पानोपानी माणसं हसतात.
अकरा लग्नं लागतात, एकाही घरात सुतक नाही,
रश्श्याच्या पातेल्याचा तळ कुणालाच दिसत नाही,
आणि रात्री, कुठल्याही प्रकरणात,
कुणाचंही दार वाजत नाही.

मी म्हटलं, खोटं बोल पण रेटून बोल!
त्सिउरी हसली नाही.
'दारं मोजलीस?
निळं दार, कुरकुरणारं दार, द्राक्षवेलीखालचं दार,
किती हौसेनं लिहिलीत त्यानं,
आणि प्रत्येकाला आतून कडी.
ज्याच्या गावात सगळं आलबेल,
तो इतक्या कड्या कशाला लिहील?'

मग तिनं दिवा आडवा धरला.
दोनशे सातव्या पानावर
एका वाक्याखाली उमटली एक रेघ,
शाई नाही, शिसं नाही,
नुसता कागद दबलेला.
*वारा उत्तरेकडे गेला.*
एवढंच वाक्य. कुणीतरी ते नखानं अधोरेखित केलेलं.
'पेन्सिल सापडते,' ती म्हणाली,
'नख कापून टाकता येतं.'

कोण गेलं असेल त्या वाऱ्याबरोबर?
मी विचारलं नाही.
आमच्या घरातही एका फोटोतला एक चेहरा
कात्रीनं गोल कापलेला आहे,
आणि आजोबांनी त्याबद्दल
मरेपर्यंत ब्र काढला नाही.

दुपारी वाफ देऊन कणा सोडवला.
आत, आधाराला चिकटवलेली कागदाची पट्टी.
तेव्हा कागदाची टंचाई;
बांधणाऱ्याच्या हाताला जे लागलं, ते त्यानं लावलं.
कुठल्याशा शिंप्याच्या वहीचं पान:

वार्लाम, शाळामास्तर. करडा कोट.
फेब्रुवारी. कमरेत दोन बोटं आत घेतला.
जून. आणखी दोन बोटं.
ऑक्टोबर. आणखी दोन, बटणं सरकवली.
आणि शेवटी, तारीख नसलेलं:
नेला नाही.

सरस उतू गेला. कुणाचंच लक्ष नव्हतं.

संध्याकाळी बाद्री साहेब खाली आले.
वर प्रदर्शन आहे, नाव ठरलंय: 'शतकाचा आरसा'.
कणा नवा हवा, अक्षरं सोनेरी हवीत.
पट्टी त्यांनी चिमटीत धरून पाहिली.
'हे दप्तरखान्याचं काम,' म्हणाले,
'आपल्याकडे फक्त साहित्य.'
आणि जिन्यावरची त्यांची पावलंसुद्धा
पायरी पायरी मोजून पडत गेली.

त्सिउरीनं पट्टी वाळवली,
खळ लावली,
जिथली होती तिथेच परत बसवली.
'आता कोण वाचणार ती?' मी म्हटलं.
'वाचायला कुठे ठेवतेय?
इतकी वर्षं हे पुस्तक फळीवर ताठ उभं राहिलं,
ते त्यातल्या हसण्यावर उभं होतं का?'

मग कण्यासाठी कापड घेतलं.
गडद करडं, थोडं जाडसर.
चाळीस वर्षं ती डोळे मिटून माप घेते,
तरी कात्री पुढे गेली,
कापड दोन बोटं जास्त निघालं.
मी म्हटलं, 'माप चुकलं.'

तिनं जास्तीचं कापड आत दुमडलं,
अंगठ्यानं हलकेच दाबलं.
'असू दे,' म्हणाली,
'परत अंगानं भरला, तर लागेल.'