हलायचा दिवस

बूट आधी उलटे करून झटकायचे.
बेन्सनमधल्या सात आठवड्यांत विंचू एकदाच निघाला,
पण तो एकदा पुरतो.
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, म्हणतात.
आमचं मागे असतं, अडकवलेलं,
तीस फूट लांब, बारा फूट चार इंच उंच.
उंची आरशाशेजारी लिहून ठेवलीय, पुलांसाठी.

ऑरिनची यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली,
अकरा वर्षांपूर्वीच्या त्याच्या ठसठशीत अक्षरात:
गॅस बंद. पाणी बंद. अँटेना खाली.
मनी प्लांट सिंकमध्ये.
वीज शेवटी, कॉफी झाल्यावर.
मग मैल्याची नळी, हातमोजे घालून,
वाऱ्याकडे पाठ करून.
प्रवासाबद्दल कोणी फार गोड बोलायला लागलं
की मला ती नळी आठवते.

आज सकाळी त्यानं विचारलं, पिन लागली का?
लागली, मी म्हटलं.
त्यानं काच पुसली आणि विचारलं, पिन लागली का?
मी उतरले, मागे गेले, वाकले,
लागलेल्या पिनेला हात लावून आले.
लागली.

शेजारची मार्वेल बीटाच्या लोणच्याची बरणी घेऊन आली.
इथले निरोप असेच. कोणी रडत नाही.
खिडकीवर दोनदा थाप, "रस्त्यात भेटू",
आणि आमच्या जागेवर खडीचा फिकट चौकोन.

गाडी मी चालवते. मार्चपासून.
तो नकाशा धरतो, कागदाचा,
घड्या पडून पडून लॉर्ड्सबर्ग भोकात गेलेलं.
पोस्टाचा पत्ता साउथ डकोटाचा:
तिथे एक रात्र झोपलो होतो, पावती जपून ठेवली,
तिच्यावर मतदान करतो, औषधं मागवतो.
डॉक्टरनं विचारलं, राहता कुठे?
दोघांनी एकदम पार्किंगकडे बोट दाखवलं.
फॉर्मवर त्यानं ते कसं लिहिलं कोण जाणे.

लॉर्ड्सबर्गच्या पुढे कोरड्या तळ्यावरून
भुरा पडदा उठला.
तिथल्या पाट्या हुकमी बोलतात:
रस्ता सोडा. दिवे बंद.
ब्रेकवरून पाय काढा. थांबा.
मी पाट्यांचं ऐकलं.
मागच्या ट्रकला लाल दिवा दिसला
तर तो त्यालाच रस्ता समजून मागे लागतो,
म्हणून अंधारात अंधार होऊन बसायचं.
इंजिन बंद, तरी गाडी हलत होती.
मागे कुठल्यातरी कपाटात एक कप,
फक्त एकच, किणकिणत राहिला.
पिकल मांजर सीटखाली चपटं.

"व्हर्लीन," तो म्हणाला, "आपलं घर कुठंय?"

वाटलं, आता झालं सुरू.
मग वाटलं, धुळीत दिसत नाही म्हणून विचारत असेल.
आरशात मलाही दिसत नव्हतं.
"मागे," मी म्हटलं.
"पिन लागलीय ना?"
"लागलीय."
"मग येईल," म्हणाला,
आणि बरणीचं झाकण फिरवलं.
जांभळ्या बोटांनी खात बसलो,
वीस मिनिटं असतील.

डेमिंगला पोचलो तेव्हा उजेड संपत आलेला.
जागा अरुंद, डावीकडे विजेचा खांब.
तो उतरला, मागे गेला,
आरशात उभा राहिला आणि हात वर केले.
ये. ये. खांबाकडे जरा. सरळ. ये.
बोटं जांभळी कशानं झाली ते त्याला आठवत नव्हतं,
पण ते हात!
मूठ मिटली, मी थांबले.
खांब चार बोटं लांब.

पातळीचा बुडबुडा मधोमध येईना.
चाकाखाली एक फळी घातली, मग दुसरी.
तरी अर्ध्या बोटाचा उतार.
राहू दे, तो म्हणाला,
उंच बाजूला डोकी करून झोपू.