उजव्या गुडघ्याजवळचं बटण

गाडीचा पंखा उशिरा लागायचा.
काटा मध्य ओलांडून वर सरकायचा,
तांबड्या रेघेला नाक लावायचा,
मग कुठं बॉनेटखाली घरघर.

माझं काम श्रवणयंत्रांचं.
सातारा, राजवाड्यामागे, जिना चढून पहिलं दार.
त्यामुळं लगेच कळलं:
रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यातला तो पितळी सेन्सर
बहिरा नाही झालेला,
कानानं मंद झालाय.
उष्णता ओरडली की ऐकतो.
बोलते तेव्हा नाही.

यासीन शिकलगार म्हणाले, नवा टाकावा लागंल,
पण ह्या गाडीचा आता मिळत न्हाई,
कऱ्हाडला भंगारात बघतो, लागतील दोन-तीन आठवडे.
आणि बटण? मी विचारलं.
बाजूनं एक वायर काढून, आपल्या हाताशी?
त्यांनी टेस्टर कानावर खोचला.
"कशाला नस्ता कुटाणा, ताई.
बंद करायचं तुम्ही इसरणार
आन् शिव्या मला घालणार."

गुरुवारी माझं दुकान बंद.
गोडोलीत, सोसायटीच्या पार्किंगमध्ये सतरंजी टाकली.
बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढला,
एवढी अक्कल होती.
रिलेला चार पाय.
दोन जाड तारांचे, पंख्याचा सगळा करंट त्यांच्यातून धावतो.
दोन बारीक, नुसत्या निरोपाचे.
सेन्सर करतो काय?
तापलं की त्यातली एक बारीक तार
गाडीच्या लोखंडाला टेकवतो.
बस.
तेवढंच मलाही करायचं होतं.

त्याची तार तोडली नाही.
तिला शेजारून एक फाटा काढला,
सायकलच्या स्पोकला बांधून
रबरी बुचातून आत ओढला, चौथ्या खेपेला आला,
आणि गुडघ्याजवळच्या बटणातून
नेला परत लोखंडाकडे.
त्याला ऐकू आलं तर तो लावेल,
नाही आलं तर मी.
कुणी कुणाच्या आड यायचं नाही.
केसाएवढ्या तारांना सरावलेली माझी बोटं,
पाना निसटला तशी करंगळी सोलली.
वरच्या गॅलरीतून देवधर काकू दोनदा डोकावल्या.

सोमवारी केळघर घाट.
पुढं डबर भरलेला ट्रक, दुसऱ्या गिअरवर रडणारा,
मागं मी.
काटा मध्यावर. अजून काही झालेलं नव्हतं.
दाबलं.
घर्र.
दोन वळणं काटा नुसता उभा होता,
तिसऱ्याला खाली बसला.
मी एकटीच मोठ्यानं "हां!" म्हणाले.

वर, रस्त्याच्या कडेला, शेवटचं घर प्रणित धनावडेचं.
वय पाच. यंत्र लावून महिना.
आई अंगणातूनच ओरडली, प्रणित, बाई आल्या!
ओरडू नका, म्हटलं, जवळ जाऊन सावकाश बोला.
ती खजील झाली. "सवय ओ. पाच वर्षांची."

प्रणित कुठाय?
गाडीपाशी.
बॉनेटला तळवा लावून उभा.
कानातलं काढतो, थांबतो,
घालतो, थांबतो.
पुन्हा काढतो.
हाताला थरथर दोन्ही वेळा,
कानाला एकदाच.
मग मला कळलं, बटण चालूच राहिलंय.
किल्ली खिशात, पंखा फिरतोय.
बंद करायला दोन पावलं टाकली
आणि थांबले.

चहा झाला. साचा घेतला. बॅटरी उतरली.
धनावडे, त्यांचा भाऊ आणि दुधाचे कॅन घेऊन निघालेला एक पोरगा,
तिघांनी ढकलली उतारावर.
शिव्या मी स्वतःलाच घातल्या,
शिकलगारांचं नावही न घेता.

पुढच्या गुरुवारी बटणाशेजारी
एक तांबडा दिवा बसवला. चालू आहे हे दिसावं म्हणून.
प्रणितची आई फोनवर म्हणाली,
आता तो घरातल्या सगळ्या वस्तूंना हात लावून
कान काढून, घालून बघतो.
कणगी. रेडिओ. म्हैस.
काल झोपलेल्या आजोबांची छाती.