पान एक्केचाळीस

सदरच्या गल्लीत माझं टायपिंगचं दुकान,
मे महिन्यात रात्रंदिवस खोकणारा कूलर,
शपथपत्रं, प्रबंध, लग्नपत्रिका,
एका पानाचे पंचवीस.

हंसराज वासनिक आले ते चपला बाहेर काढून.
नको म्हटलं, तरी.
पिशवीतून शंभर पानी वही काढली,
एक कोपरा उंदरांनी आधीच वाचलेला.
"एकविसाव्या वर्षी लिहली, बाई,
कामठीच्या मिलिटरी दवाखान्यात, पाय टांगून होता तेव्हा.
काही सुधरवू नका."

समोर बसलेले ते
आणि वहीतला तो:
दोघांचं अक्षर सारखं नाही.

पहिल्या पानावर नागपूर स्टेशन.
मद्रासची गाडी हलते, आई खिडकीला धरून चालते,
विचारते, बेट म्हणजे काय रे?
तो सांगतो, जुम्मा तलावाच्या मधात आहे ना,
तसंच. थोडं मोठं.

पान नऊ: ताडांना शेंडे नाहीत.
पान चौदा: वाळूत पाऊल टाकताना
प्रत्येक शिंपला सुरुंगासारखा दिसतो.
पान एकोणीसवर 'तहान' हा शब्द
इतका दाबून लिहिलाय
की बावीसपर्यंत उमटलाय.

सकाळी अठ्ठावीस उतरले.
संध्याकाळच्या हजेरीत
सुभेदारानं अकरा वेळा 'हजर' ऐकलं
आणि उरलेला कागद घडी करून
तोंडात धरला, पट्टा आवळताना धरतात तसा.

पवनीचा रूपचंद पराते, कोसा विणणाऱ्याचा पोरगा,
मांडीवरची पट्टी बोटांनी चाचपत म्हणाला,
"लयच विरळ विणली बे.
आमच्या मागावर असं काढलं
तर बाप हाकलून देईन."
पुढची दोन पानं परातेच्या मागाबद्दल आहेत.
धोटा कसा फेकतात, सूत तुटलं तर थुंकी लावून
कसं जोडतात.
तो मेला, असं कुठेच लिहिलेलं नाही.
फक्त पान पस्तीसपासून
विणकामाचं काही येत नाही.

मग एक्केचाळीस.
भल्या पहाटे एक घर. दार लोटलेलं.
उंबऱ्याशी लहान चपलांचे दोन जोड,
नीट, भिंतीला टेकवून.
त्याखाली खोडलेलं. पुन्हा खोडलेलं.
एका जागी कागद फाटून
खालचं पान दिसतं.
मग स्वच्छ अक्षरात:
आम्ही पुढे निघालो.

मी विचारलं.
ते कूलरच्या जाळीकडे बघत राहिले.
"तिथं सात ओळी आहेत. सोडा."
"कोऱ्या?"
"कोऱ्या. पण मोजून."

सात वेळा एंटर दाबलं.
कर्सर लुकलुकत प्रत्येक ओळीवर थांबला,
जणू कुणी सांगणार आहे.

बाइंडरचा फोन आला इतवारीहून:
मॅडम, एक्केचाळीसवर छपाई उडाली.
उडाली नाही, म्हटलं, तशीच आहे.

हिशेब करताना मी त्या पानाचे अर्धे धरले.
त्यांनी नोटा परत मोजल्या, पूर्ण ठेवल्या.
"त्याच पानाले सगळ्यात जास्त टाइम लागला, बाई."

गठ्ठा काखेत घेऊन बाहेर गेले
आणि पायरीवर वाकून
बराच वेळ चपला शोधत राहिले.
तिथे एकच जोड होता.