हात वर करा

विल्मर तेनेसाका पडला तेव्हा सव्वादहा वाजले होते.
वेळ पाठ आहे, कारण कॉफीची गाडी नुकतीच आली होती
आणि त्यानं वरूनच ओरडून सांगितलं होतं,
माझ्यात दोन साखर.

तिसऱ्या मजल्यावर फळीच्या कडेला कठडा नव्हता.
कठडा दुपारी आला,
इन्स्पेक्टरच्या तासभर आधी,
अजून ओल्या लाकडाचा वास येणारा.

पट्टाही दुपारीच आला.
मुकादम डॅरेकनं व्हॅनमागे उभं राहून
प्लॅस्टिक दातांनी फाडलं,
किमतीची चिठ्ठी खिशात घातली,
पट्टा चिखलात दोनदा घोळवला,
रक्ताशेजारी ठेवला
आणि फोटो काढला.

तर आता कागदावर असं आहे
की पट्टा होता,
विल्मरनंच तो लावला नाही.

क्वीन्समधल्या सुनावणीच्या खोलीबाहेर
वकीलबाई समजावतात:
प्रत्येक अवयवाचे आठवडे ठरलेले असतात.
अंगठ्याचे जास्त. करंगळी स्वस्त.
खांद्याचा हिशेब वेगळा, त्याला डॉक्टर लागतात,
त्यांचा एक, आपला एक.
विल्मर विचारतो, बुटाची नाडी बांधायचे किती आठवडे?
दुभाषी कागद चाळतो. हे तो इंग्रजीत नेत नाही.

मला डॅरेकचा फोन येऊन गेलाय.
तू खाली होतास, म्हणाला, तुला वरचं काय दिसणार?
आणि मग, जणू आत्ताच आठवलं म्हणून,
सोमवारपासून ब्रुकलिनला काम आहे, सात मजले.
कन्यारला माझ्या घराचं छत अर्धं झालंय.
हे त्याला मीच कधीतरी सांगितलं होतं,
फोटोसकट.

आत बोलावतात.
उजवा हात वर करा, बाई म्हणते.
विल्मरचा छातीपर्यंतच येतो.
मग तो डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरून
उचलतो, वजन बघत बघत,
लांब फळीचं दुसरं टोक धरायला कुणी नसलं
की उचलतो तसा.
बाई म्हणते, राहू द्या, चालेल.
तो खाली घेत नाही.

कंपनीनं तर हात पहिल्याच दिवशी वर केले होते.
त्यांना कुणी शपथ घातली नव्हती.

आता मी.
माझ्या खांद्याला काही झालेलं नाही.
तरी वर जायला वेळ लागतो त्याला,
सात मजले लागतात,
अर्धं छत लागतं.

काय पाहिलंत ते सांगा.

दोन साखर, मी म्हणतो.
दुभाषी थांबतो, माझ्याकडे बघतो.
लिही, म्हणतो मी त्याला,
कॉफीपासून सांगणार आहे.