एक तारखेपासून

सोहारला, टायरवाला आणि पडदेवाला यांच्या मधे
आमचा दवाखाना. काउंटरच्या काचेमागे मी,
आठ ते एक, मग चार ते नऊ.
परवा काचेवर नवा कागद लागला, चार भाषांत:
एक तारखेपासून सर्वांना विमा.
मराठी त्यात नव्हती. मनातल्या मनात मीच केलं
आणि 'सर्वांना'वर पेन टेकवून बसले.

तेवीसला खेडचे शौकत मुकादम आले,
बंदरावर क्रेन चालवतात.
बरगडीखाली मूठ दाबलेली, एसीतही कपाळाला घाम.
"सोनोग्राफीचे किती?"
मी रियाल सांगितले. त्यांनी त्याचे रुपये केले,
रुपयांचं बहुधा धाकटीचं कॉलेज केलं,
मग विचारलं, एक तारखेला किती दिवस?
आठ.
"मग काढतो कळ."

आपल्याकडे थांबायला हाच शब्द आहे.
दुखणं आणि वाट बघणं
एकाच भांड्यात शिजवलंय कुणीतरी.
त्याच्याकडेही कार्ड नसणार.

आठ दिवस ते वर, केबिनमध्ये,
बाटलीतलं जवाचं पाणी पीत.
मला झोपेत कंटेनर दिसायचे, हवेत लोंबणारे,
आणि खाली उभी माणसं, मोबाइल बघत.

एकला मुकादम पहिले. कार्ड लावलं, हिरवी खूण.
त्यांच्या वाट्याला एक रियाल.
"बस? एवढंच?"
हसले, तर कळ आली. बरगडी धरून हसले.

त्यांच्या मागे कुसुमा. हात ओल्या फडक्यात, तेल उडालेलं.
मालकीण देश सोडून गेली, पासपोर्ट तिच्याच कपाटात.
पडद्यावर: नोंद नाही.
मी पुन्हा टाकलं. नोंद नाही.
मुकादमांनी आपलं कार्ड सरकवलं, "माझ्यावर घाला."
"चाचा, फोटो आहे त्यावर. दाढीसकट."
तेव्हा त्यांनी खिशातली घडी काढली,
कार्ड चाललंच नाही तर म्हणून
रात्री कुणाकडून उसनी आणलेली.

"पावती कुणाच्या नावे?" मी सवयीने विचारलं.
"तिच्याच की."
ती सांगू लागली, एकेक अक्षर सुटं करून,
लांबलचक नाव, आधी घराण्याचं, मग बापाचं,
मधेच मी चुकले तर पुन्हा पहिल्यापासून.
रांग खोळंबली. काचेवरच्या कागदाचा
एक कोपरा सुटून एसीच्या वाऱ्यात फडफडत होता.
मी चिकटपट्टी शोधली नाही.